भाड्याच्या घराचं समर्पण

माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला आमच्या मंडळीचे सेक्रेटरी दोन शब्द बोलायला उभे राहिले. गळा साफ करून म्हणाले, "आपल्या या बंधूला इथं स्वतःचं घर लाभलं नाही. पण वहिनींनी दुःख करू नये. वर त्यांच्यासाठी बंगला तयार आहे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. समोर शवपेटी होती, हातात कुणीतरी दिलेला पाण्याचा ग्लास होता, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. तो ग्लास मी त्यांच्या अंगावर रिकामा केला नाही, एवढंच माझ्या संस्कारांचं कौतुक.

आम्ही मराठी ख्रिस्ती. पनवेलात आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, लहान, रविवारी निम्मी बाकं रिकामी असतात. आमचे हे न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कारकून होते आणि मी शाळेत मराठी शिकवायचे. चोवीस वर्षांत आम्ही नऊ घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार ही काय चीज आहे ते भाडेकरूलाच विचारावं. दहावा महिना लागला की घरमालक जिन्यात भेटला तरी माणूस मनात खोकी मोजायला लागतो. भिंतीला खिळा मारायचा नाही, गच्चीवर पापड घालायचे नाहीत, पाहुणे आठवड्याच्या वर ठेवायचे नाहीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान पोलीस व्हेरिफिकेशन लागत नाही.

तरी ती घरं होती. तक्का भागातल्या दोन खोल्यांत माझं पहिलं बाळंतपण अर्ध्यावर राहिलं, आणि ज्या माणसाला चहासुद्धा धड जमत नव्हता त्यानं आठ दिवस खिमट करून मला भरवलं. खांदा कॉलनीत चौथ्या मजल्यावर यांची आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. लिफ्ट नव्हती. डॉक्टरांकडे न्यायचं तर हे तिला पाठीवर घेऊन उतरायचे आणि ती वरून सूचना करायची. लाइन आळीतल्या घरात आम्ही सहा महिने एकमेकांशी बोललो नाही, तेही घरातच होतं, घराबाहेर असला अबोला धरता येत नाही. आणि एक माणूस, ज्यानं स्वतःच्या तीन मजल्यांत जेमतेम एक मजला वापरलाय, मला सांगतो की माझ्या नवऱ्याला घर लाभलं नाही.

पुढच्या महिन्यात मृत्यूची नोंद करायला मी चर्चच्या ऑफिसात गेले. सभासदांच्या रजिस्टरात दोन रकाने असतात, कायमचा पत्ता आणि तात्पुरता पत्ता. यांच्या नावापुढे कायमचा पत्ता म्हणून नगर जिल्ह्यातलं सासरचं गाव होतं, जिथं लग्नापासून आम्ही मिळून पंधरा रात्रीसुद्धा झोपलो नसू. पनवेलचे नऊ पत्ते तात्पुरत्याच्या रकान्यात एकावर एक खोडलेले. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी समोर पेन सरकवलं. मी सही केली, पण विचारलं की तो बंगला शास्त्रात नक्की कुठं आहे.

पाळकसाहेब तरुण, मनानं चांगले, पण सेक्रेटरींच्या चपला दाराशी दिसल्या तरी आवाज खाली आणणारे. त्यांनी शुभवर्तमानातली जागा दाखवली. प्रभू शिष्यांना सोडून जायच्या आधी सांगतो की माझ्या बापाच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत, ती. मी म्हटलं, इथं तर बंगला नाही. ते म्हणाले, इंग्रजीत 'मॅन्शन' आहे, त्यावरून लोक म्हणतात. मी म्हटलं, आणि प्रभूचे शब्द ज्या भाषेत लिहिले गेले, त्या ग्रीकमध्ये काय आहे? ते जरा लाजले. सेमिनरीत ग्रीक होतं, म्हणाले, पास होण्यापुरतं. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी एक जाड शब्दकोश आणि ओळीखाली ओळ अर्थ दिलेलं एक पुस्तक काढलं, रुमालानं धूळ पुसली आणि माझ्या पिशवीत घातलं.

पस्तीस वर्षं मुलांना शब्दाचा अर्थ वाक्यात शोधायला शिकवलं, तेव्हा कुणाच्या सांगण्यावर शब्द घ्यायची मला सवय नाही. मी चौकटीची वही आणली आणि पहिलीच्या पोरासारखी ग्रीक अक्षरं गिरवली. दोन महिने लागले. दुपारी जेवण झालं की बसायचं. एकट्या बाईच्या घरात दुपार फार लांब असते आणि मला ती कुणाच्या तरी उरावर बसून काढायची होती.

शब्द ग्रीकमध्ये चारच अक्षरांचा निघाला. मोने. ज्या क्रियापदावरून तो आला त्याचा अर्थ राहणं, थांबणं, टिकून असणं. म्हणजे मोने म्हणजे राहणं, आणि त्यावरून राहायची जागा. वाटसरू रात्रीपुरता जिथं टेकतो त्या जागेलाही ग्रीक लोक हाच शब्द वापरत, असं कोशात होतं. आपण मुक्काम म्हणतो तसं. मालकीचा, मजल्यांचा, कंपाउंडचा त्यात मागमूस नाही. इंग्रजीतलं 'मॅन्शन'सुद्धा ते भाषांतर झालं तेव्हा नुसती राहायची जागाच होती, ते पुढे श्रीमंत झालं. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तर बंगला लिहिलाच नव्हता. तो आमच्या लोकांनी बांधला.

पण मी खरी हलले ती पुढच्या शोधानं. बायबलच्या अख्ख्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो, दोन्ही वेळा त्याच अध्यायात. दुसऱ्यांदा तर प्रभू वर जाण्याबद्दल बोलतच नाही. जो माझ्यावर प्रेम करतो, त्याच्याकडे मी आणि माझा बाप येऊ आणि त्याच्यापाशी राहू, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. तिथं राहण्याला शब्द तोच, मोने. म्हणजे देव माणसाकडे येऊन राहतो, ते राहणं आणि वरचं ते राहणं, दोन्ही एकच. आता देव माझ्याकडे येऊन राहणार तो काय सातबारा बघून येणार? मी वही मिटली आणि पहिल्यांदा, यांना जाऊन पाच महिने झाल्यावर, मोठ्यानं रडले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं, त्यांना सांगितलं की अभ्यास करतेय.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. नवीन घर घेतलं की आम्ही त्याचं समर्पण करतो. पाळक येतात, उंबऱ्यात उभं राहून शास्त्रातलं वाचन होतं, मग खोली-खोलीत जाऊन प्रार्थना, गाणी, शेवटी खाणं. पण हे फक्त मालकीच्या घराचं. भाड्याच्या घराचं कुणी करत नाही, तसा नियम कुठं लिहिलेला नाही आणि म्हणूनच तो मोडत नाही. लग्नानंतर पहिल्या घरात मी तेव्हाच्या पाळकांना विचारलं होतं. ते हसून म्हणाले होते, स्वतःचं होऊ दे, मग थाटात करू. आम्ही चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या समर्पणाला केक घेऊन जात राहिलो. हे परत येताना काही बोलायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले होते, "आपल्या घरात देवाला अकरा महिनेच बोलवायचं म्हणजे त्याला बरं दिसत नसेल." ते थट्टेत म्हणाले, पण मला माहीत होतं की त्यांना लागलंय.

यांच्यामागे मला ते घरही सोडावं लागलं. दहावं घर मिळालं मोहल्ल्याच्या कडेला, एका कोकणी मुसलमान विधवेच्या घरातला वरचा मजला. एकटी बाई, त्यात ख्रिस्ती, म्हणून त्याआधी चार ठिकाणी मला नकार मिळाला होता. या बाईंनी एवढंच विचारलं की पाणी सकाळी सातला येतं, उठता ना? सामान लागलं त्याच आठवड्यात मी मंडळीच्या कमिटीला अर्ज केला: माझ्या राहत्या घराचं समर्पण व्हावं. 'राहत्या' खाली रेघ मारली.

कमिटीनं मला बोलावलं. सेक्रेटरी मायेनं बोलले, तेच जास्त लागलं. म्हणाले, वहिनी, ज्या जागेवर आपला हक्कच नाही ती देवाला कशी देणार? उद्या तुम्ही सोडून गेलात की तिथं कोण येईल, काय करील. शिवाय घर कुणाचं आहे तेही बघायला हवं, उगाच काही वाद झाला तर? मी वही उघडली आणि शब्द सांगितला, दोन्ही जागा सांगितल्या. सेक्रेटरी हसले. "ग्रीक आपल्या जागी ठीक आहे वहिनी, पण रीत ती रीत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते रजिस्टरातल्या कुठल्यातरी ओळीवर बोट ठेवून बसले होते.

मी थेट त्यांच्या घरी गेले. चर्चच्या आवारातच पाळकांना राहायला दोन खोल्या आणि पडवी आहे. पाळकीणबाई पडवीत शेंगा सोलत होत्या. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, मला पटतंय तुमचं. पण कमिटीच्या पुढे मी जाऊ शकत नाही." मला इतका संताप आला की मी बोलून गेले, "हे घर तरी कुठं तुमचं आहे? दर चार वर्षांनी बदली. तुमच्या कुठल्या घराचं कधी समर्पण झालं का?"

पाळकीणबाईंचा हात शेंगेवर थांबला होता. मला लगेच वाईट वाटलं, कारण त्या बाईशी माझं भांडण नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला की गेला. मी पुस्तकं परत केली आणि निघाले.

निघताना ठरवलं होतं की मीच करीन. समर्पण पाळकानंच करावं असं शास्त्रात कुठं आहे? मी आता शास्त्र शोधायला शिकले होते. प्रश्न घरमालकिणीचा होता, करारात धार्मिक कार्यक्रम नको असं स्पष्ट लिहिलेलं. खाली जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही.

"टीचर, दुवाच मागनार ना?"

मी म्हटलं हो, आणि थोडं गाणं.

"मग दुपारच्या असरच्या नमाजनंतर करा, मगरिबच्या आधी, दिस बुडायच्या आत आटपा. मधल्या येळात कुनाची दुवा कुनाच्या आड येत नाय." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, "माजा नवरा तीस वरसं कुवेतला भाड्याच्या खोलीत ऱ्हायला. तिथनंच मला पत्र लिवायचा, घरातनं लिवतोय म्हनून."

मी मंडळीतल्या प्रत्येक घरी फोन केला. आले सातजण. पाच बायका, एकीचा नवरा, तो बहुधा खाण्यासाठी, आणि सगळ्यांत शेवटी, गाणं सुरू झाल्यावर, पाळकीणबाई. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मी पुढे बोलावलं नाही, न जाणो परत फिरतील. घरमालकीण खालच्या पायरीवर तसबीहची माळ घेऊन बसल्या होत्या.

उंबऱ्यात उभी राहून मी वाचलं. आवाज थरथरला, पण वर्ग सांभाळलेला घसा आहे, तिसऱ्या ओळीला सरळ झाला. स्वयंपाकघरात मी प्रार्थना केली की इथं भाजी लागली तरी बोलणी बसू नयेत. मोरीतही केली, कारण म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथंच घसरतो आणि देवाला ते कळायला हवं. बायका हसल्या. मी झोपायच्या खोलीत येऊन थांबले. या खोलीत हे कधी झोपले नव्हते. इथं त्यांचं काहीच नव्हतं, एक उशी सोडून.

मग मी मागच्या नऊ घरांची प्रार्थना केली. तक्क्याचं घर, लाइन आळीचं, खांदा कॉलनीचं, पळस्प्याजवळचं, जिथं रात्रभर ट्रक अंगावरून गेल्यासारखे वाटायचे, एकेक करून सगळी. म्हटलं, प्रभू, आम्ही तिथं राहिलो. तूही राहिलास, तुला माहीतच आहे. तेव्हा तुला कुणी रीतीनं बोलावलं नाही, त्याची माफी असावी. या नऊ घरांत आता कोण आहे मला माहीत नाही, जे असतील त्यांना तिथं नीट राहू दे. आणि ज्या माणसाला घर लाभलं नाही असं म्हणतात, त्याला नऊ लाभली होती. आमेन. मागून आमेन आलं, सात आवाजांचं. त्यात पाळकीणबाईंचा रडवेला होता.

बातमी अर्थातच माझ्याआधी चर्चला पोचली. पुढच्या रविवारी सेक्रेटरी जाहीर म्हणाले की काही सभासद आपल्या मनानं विधी करू लागले तर शिस्त राहणार नाही. मी बाकावरून उठून उभी राहिले आणि म्हटलं की राहणाऱ्यानं राहत्या घरात प्रार्थना केली, याला विधी म्हणायचं असेल तर म्हणा, मी पुन्हा करणार. दर अकरा महिन्यांनी करणार. माझ्या शेजारची बाई माझा पदर ओढत होती. मी काही बसले नाही, गाणं सुरू होईपर्यंत उभी होते. त्यानंतर तीन-चार घरांनी मला बोलवणं बंद केलं. हरकत नाही, केकचे पैसे वाचले.

एप्रिलच्या शेवटी पाळकसाहेबांच्या बदलीची चिठ्ठी आली. जूनमध्ये निघायचं होतं. त्यानंतर दोन दिवसांनी पाळकीणबाईंचा फोन आला. शनिवारी संध्याकाळी याल का, म्हणाल्या, आमच्या घराचं करायचंय. मला वाटलं गावाकडं काही बांधलंय त्यांनी. म्हटलं, कुठल्या घराचं?

"याच. बाई, सोळा वर्षांत चार घरं झाली आमची. सगळी मंडळीच्या मालकीची. महिनाभर तर महिनाभर."

मी गेले. खोल्यांत अर्ध्या भरलेल्या पेट्या, पडद्यांच्या दांड्या उतरवलेल्या, पण जमीन पुसलेली होती आणि बाईंनी चांगली साडी नेसली होती. पाळकसाहेब झब्बा घालून उभे. ते मला म्हणाले, तुम्हीच वाचा, मी कधी आपल्या घरासाठी वाचलेलं नाही, माझ्याच्यानं होणार नाही. मी पुस्तक घेतलं. चौघंही उंबऱ्याशी आलो, मी, ते दोघं आणि त्यांची मुलगी, आणि तेवढ्यात आवारातून सेक्रेटरी आले. कुणी कळवलं देव जाणे. त्यांनी पेट्यांकडे बघितलं, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि माझ्याशी बोललेच नाहीत. पाळकसाहेबांना म्हणाले, ही मंडळीची मालमत्ता आहे, इथं असलं काही करायचं तर कमिटीची परवानगी लागते, ती घेतलीत का?

मी तोंड उघडलं होतं. मला उत्तर तयार होतं, ग्रीकसकट. पण पाळकसाहेब माझ्या पुढे आले. या माणसाचा आवाज मी चार वर्षं ऐकत होते, व्यासपीठावरही तो मागे उभा असल्यासारखा यायचा.

"नाही घेतली," ते म्हणाले. "मी इथं राहतो."

पाळकसाहेबांनी मुलीचा हात धरला, बायकोला आत घेतलं आणि मला मान हलवून खूण केली. मी वाचायला सुरुवात केली.